घारापुरीची मजुरी

चित्रकार आणि बेट हे दोन शब्द एकत्र आले की वाचत्या माणसाच्या डोळ्यांपुढे पॉल गोगँ उभा राहतो. पॅरिसच्या शेअरबाजारातील नोकरी सुटलेला, बायकामुलांपासून दुरावलेला हा फ्रेंच गृहस्थ १८९१ मध्ये ताहिती बेटावर जाऊन राहिला आणि तेथील माणसे व झाडे रंगवून मरणानंतर जगप्रसिद्ध झाला. त्याच्या एकांतावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो संसार सोडून गेला, पैशाच्या जगाला पाठ दाखवून गेला, असे त्या लिखाणाचे एकंदर धोरण. आमची सगळी हयात मजुरीचे हिशेब पाहण्यात गेलेली असल्यामुळे आम्हांला मात्र पहिला प्रश्न पडतो तो असा, की त्या बेटावर हा मनुष्य जेवत कशावर होता?

याचे उत्तर मिळते, आणि ते मोठे बोलके आहे. जाण्यापूर्वी त्याने आपल्या चित्रांचा लिलाव करून वाटखर्च उभा केला. दोन वर्षांनी तो परत आला आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये पॅरिसला द्युराँ-रुएल यांच्या दालनात त्याने चाळिसांहून अधिक चित्रांचे प्रदर्शन मांडले. त्यांतली अकरा विकली गेली. १८९५ मध्ये तो पुन्हा ताहितीला गेला तो कायमचाच. पैसे संपले. कॅनव्हास मिळेना, तेव्हा 'आपण आलो कोठून? आपण कोण? आपण चाललो कोठे?' हे आपले सर्वांत मोठे चित्र त्याने गोणपाटावर काढले. (गोणपाटावर रंग धरणे किती कठीण, हे इतवारीच्या बाजारात ज्यांनी पोत्यांवर खुणा घातल्या आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.) ते चित्र जहाजाने पॅरिसला गेले आणि १८९८ च्या अखेरीस तेथे लोकांना दाखविले गेले. त्याच वर्षी चित्रकार स्वतः काय करीत होता? पापीती गावातील सरकारी बांधकाम खात्यात नकाशे उतरवून काढण्याचे काम, रोज सहा फ्रँक. पुढे १९०० मध्ये व्होलार नावाच्या चित्रांच्या व्यापाऱ्याशी त्याचा करार झाला. व्यापाऱ्याने दरमहा ३०० फ्रँक पाठवायचे, शिवाय कॅनव्हास आणि रंग. चित्रकाराने वर्षाला निदान पंचवीस चित्रे द्यायची. हा करार आम्ही वाचला तेव्हा त्यात आम्हांला नवे काहीच वाटले नाही. कच्चा माल मालकाचा, हात कामगाराचे, नगावर दर आणि वर थोडी उचल! आमच्याकडचे विडीकामगार आणि कोष्टी याच अटींवर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. फरक एवढाच, की आमच्याकडे पान-तंबाखू पुढच्या गल्लीतून येई आणि गोगँचे रंग अर्धी पृथ्वी ओलांडून येत. टपाल चुकले की त्याची चूल चुके. सप्टेंबर १९०१ मध्ये तो आणखी दूरच्या हिव्हा ओआ बेटावर गेला आणि ८ मे १९०३ रोजी तेथेच वारला. त्या बेटांवरच्या अगदी कोवळ्या मुलींशी त्याचे वर्तन कसे होते हेही आता सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या रंगांची स्तुती करताना ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

सांगायचे ते एवढेच, की बेटावरचा कलावंत एकटा नसतो. त्याच्यामागे एक दोरी असते. तिच्या एका टोकाला काम आणि दुसऱ्या टोकाला भाकर बांधलेली असते. गोगँच्या बाबतीत ही दोरी दिसते, कारण पत्रे राहिली, करार राहिला, दालनांच्या नोंदी राहिल्या. आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतही असे एक बेट आहे. तेथे एक नव्हे, कित्येक कलावंत राबले, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव, पत्र किंवा कागद शिल्लक नाही.

ते बेट म्हणजे घारापुरी. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून हे सुमारे दहा किलोमीटर दूर. लाँचने तासाभरात जाता येते. जिल्हा रायगड, तालुका उरण. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या तेथे आहेत. आज एक तास, म्हणून हे बेट आडवळणाचे वाटत नाही. पण ज्या काळाविषयी आम्ही बोलत आहोत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकाचा मध्य, त्या काळी आजची मुंबई नव्हती, लाँच नव्हती, आणि पावसाळ्याचे चार महिने होडीचा भरवसा धरणे शक्य नव्हते. फार कशाला, या बेटावर विजेचा कायमचा पुरवठा आला तो २०१८ मध्ये, समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटरची तार टाकून. देशाच्या सर्वांत श्रीमंत शहराचे दिवे जेथून रात्रभर दिसतात तेथे दिवा लागायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली! दूर असणे हे नेहमीच समुद्रावर अवलंबून असते असे नाही.

मुख्य लेण्यात गेलेल्या माणसाला तेथे काय आहे हे सांगण्याची गरज नाही. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेकडीचा काळा दगड पोखरून सुमारे १३० फूट खोल असे शिवाचे मंदिर केलेले आहे. आत ओळीने खांब. एका बाजूला चार दारांचा गाभारा, त्यात लिंग, आणि प्रत्येक दाराशी प्रचंड द्वारपाल. भिंतींवर अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध, कैलास हलविणारा रावण, नटराज, योगी शिव अशी मोठमोठी शिल्पे. आणि मागच्या भिंतीत, खोल काळोखात, लोक जिला त्रिमूर्ती म्हणतात ती सदाशिवाची मूर्ती. तीन माणसे एकमेकांच्या खांद्यांवर उभी केली तर वरच्याचे डोके कदाचित मुकुटाला लागेल, एवढी तिची उंची. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा आणि शांत. एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा कोवळा. १९८७ मध्ये ही लेणी जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. कोणत्याही मार्गदर्शकाला विचारा, ही कोणी केली? तो राजाचे किंवा राजवंशाचे नाव सांगेल. गंमत अशी, की आपल्या चितार ओळीतून गणपती घरी नेणारा मनुष्य मूर्ती कोणाच्या हातची हे आवर्जून विचारतो. लेण्यापुढे उभा राहिला की तोच मनुष्य राजाची चौकशी करतो.

पण राजाविषयीसुद्धा येथे पंचाईत आहे. लेण्यात आज एकही शिलालेख नाही. सोळाव्या शतकात बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. दियोगो दो कूतो या त्यांच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की तेथे एक लेख कोरलेली शिळा होती; ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविली, तेथे कोणाला ती वाचता आली नाही, आणि पुढे ती नाहीशी झाली. म्हणजे ज्या एका दगडावर मालकाचे नाव असण्याचा संभव होता तोही गेला. त्यामुळे विद्वानांत वाद माजला. कोणी राष्ट्रकूटांकडे बोट दाखविले, कोणी कोकणच्या मौर्यांकडे, कोणी चालुक्यांकडे.

या वादात नागपूरचा वाटा मोठा आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे नाव या शहरातील जुन्या मंडळींना तरी सांगावयास नको. कोकणात जन्मलेला हा पंडित नागपूरचा झाला आणि १९८५ मध्ये येथेच निवर्तला. कलचुरी राजांच्या कोरीव लेखांचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. घारापुरीचे लेणे माहिष्मतीच्या कलचुरींच्या काळातले, असे मत त्यांनी मांडले. या घराण्याचा कृष्णराज सहाव्या शतकाच्या मध्याला राज्य करीत होता. तो शिवाचा एकनिष्ठ भक्त. आपल्या नाण्यांवर तो स्वतःला परममाहेश्वर म्हणवून घेतो, आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला नंदी बसविलेला असतो. त्याची चांदीची नाणी फार दूरवर सापडली आहेत. आपल्या अमरावती जिल्ह्यात धामोरीलाही त्यांचा साठा मिळाला. ही नाणी एवढी विश्वासाची ठरली, की नाशिकजवळच्या अंजनेरीच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत, म्हणजे राजा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही, व्यवहार कृष्णराजाच्या रुपयांत सांगितलेला आहे.

आता मुद्द्याचे नाणे. घारापुरी बेटावर कृष्णराजाची तांब्याची ३१ नाणी सापडली आहेत. चांदीची नव्हेत, तांब्याची. हलक्या किमतीची, हातातून हातात जाणारी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील नाणकशास्त्राच्या अभ्यासक शोभना गोखले यांनी या नाण्यांवरून असे अनुमान काढले, की लेणे खोदणाऱ्या कामगारांना मजुरी देण्यासाठी ही हलकी नाणी वापरली गेली असावीत. अनुमान ते अनुमानच. कोणी यात्रेकरूने देवापुढे टाकलेली तीच नाणी असू शकतील, असे म्हणणाऱ्याचे तोंड आपल्याला धरता येणार नाही. तथापि आम्हांला गोखले यांचे म्हणणे पटते, आणि त्याचे कारण ग्रंथांतले नाही. राजा देणगी देतो ती गावांत, जमिनीत, चांदीसोन्यात. व्यापारी मोठा व्यवहार चांदीत करतो. तांब्याचा खुर्दा लागतो तो रोज संध्याकाळी मीठ, तेल आणि मासळी घेणाऱ्या माणसाला. जेथे शेकडो माणसे आठवड्याच्या बाजाराला जातात तेथेच खुर्दा लागतो आणि तेथेच तो सांडतो. इतवारीत सराफ्यातल्या नाली धुणारे लोक सोन्याचे कण शोधतात. हमालांच्या अड्ड्यावर झाडू मारला तर सुटे पैसेच निघतील.

बेटावर किती माणसे होती, किती वर्षे होती? याचा आकडा सांगणारा कोणी असेल तर त्याच्यापासून सावध राहावे. परंतु कामाच्या जातीवरून काही गोष्टी नक्की ठरतात. लेणे बांधीत नाहीत, ते काढतात. आधी छत, मग खाली खाली येत भिंती आणि खांब, शेवटी जमीन. त्यामुळे उंच पराती बांधाव्या लागत नाहीत, पण चूकही दुरुस्त करता येत नाही. खांब जेथे हवा तेथे दगड ठेवायचा हे पहिल्या दिवशी ठरलेले पाहिजे. सदाशिवाचे नाक जेथे येणार तेवढा दगड पुढे राखून बाकीचा मागे न्यावा लागतो. तो एकदा उडाला की कोणत्याही राजाच्या तिजोरीतून तो परत येत नाही. म्हणून येथे नुसता शिल्पी पुरत नाही. ढोबळ खोदणारा हवा, ओळंबा धरणारा हवा, छिलके उचलून बाहेर टाकणारी बायकापोरे हवीत. आणि लोहार हवा. काळ्या दगडावर छिन्नीचे टोक किती लवकर बसते हे पाथरवटाला विचारावे. भाता पेटलेला नसेल तर सगळे काम दुपारपर्यंत थांबेल. लोहाराला कोळसा हवा, लोखंड हवे, आणि ते होडीने आणावे लागणार. पाण्यासाठी बेटावर दगडात खोदलेली टाकी आहेत. तीही कोणीतरी याच हातांनी खोदली.

मजुरीची वाटणी कशी होत असेल? येथे आपल्याला अगदीच अंधारात चाचपडावे लागत नाही. त्या काळाच्या आसपासचे कात्यायन, बृहस्पती हे स्मृतिकार, मिळून काम करणाऱ्या कारागिरांविषयी नियम सांगतात. (कात्यायनाचा मूळ ग्रंथ नष्ट झाला, त्याची विखुरलेली वचने जमवून ती १९३३ मध्ये छापण्याचे काम भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी केले.) नियम असा, की शिकाऊ माणसाला एक भाग, जाणत्याला दोन, कुशल कारागिराला तीन आणि आचार्याला चार. हे वाचून आम्ही प्रथम चकितच झालो. सर्वांत वरच्याला सर्वांत खालच्याच्या चौपट, याहून अधिक नाही! आजच्या कोणत्याही कारखान्याच्या साहेबाचा पगार आणि शिकाऊ कामगाराचा भत्ता यांचे प्रमाण ज्याला ठाऊक आहे त्याला या चौपटीचे महत्त्व कळेल. अर्थात नियम लिहिला जातो म्हणून पाळला जातोच असे नाही. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ पासून आहे. पण नियम लिहिण्याची पाळी आली याचा अर्थ वाटणीवरून भांडणे होत होती, आणि भांडणे होत होती याचा अर्थ कारागीर एकत्र येऊन आपला वाटा मागत होते.

एकत्र येत होते याला पुरावाही आहे, आणि तो घारापुरीला नसला तरी आपल्या नागपूरच्या उंबऱ्याशी आहे. रामटेकजवळच्या नगरधनला स्वामिराज नावाच्या राजाचे ताम्रपट मिळाले. त्यांवर कलचुरी संवताचे ३२२ वे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ५७३ च्या सुमाराचे ते ताम्रपट, कृष्णराजाच्याच पिढीतले. मिराशींनी ते वाचले आणि स्वामिराज हा कलचुरींचा मांडलिक असावा असे ठरविले. त्या ताम्रपटांतील दान दिले गेले ते कोणा राणीच्या किंवा पुरोहिताच्या सांगण्यावरून नव्हे. महामात्रांच्या, म्हणजे हत्ती हाकणाऱ्यांच्या गणाने विनंती केली म्हणून ते दिले गेले. माहुतांचा संघ! ज्या राज्यात नगरधनचे माहूत संघ करून राजदरबारी आपले म्हणणे मांडीत होते, त्याच राज्यात दगड फोडणारे अगदी एकेकटे, मुकाट्याने राबत असतील हे आम्हांला संभवनीय वाटत नाही.

ही माणसे आली कोठून? वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आपले आयुष्य अजिंठ्याला वाहिले. त्यांचे म्हणणे असे, की वाकाटक सम्राट हरिषेण इ. स. ४७७ च्या सुमारास मरण पावला आणि अजिंठ्याचे काम कोसळले. तेथील कित्येक लेणी अर्धवट आहेत हे कोणीही पाहू शकतो. खांब अर्धे सोललेले, भिंतीवर छिन्नीचे घाव तसेच. आमच्या भाषेत याला टाळेबंदी म्हणतात. मग कारागीर काम शोधीत कोकणाकडे उतरले आणि त्यांची विद्या पुढच्या पिढ्यांतून जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि शेवटी घारापुरी येथे प्रकट झाली, असे स्पिंक सांगतात. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याचा आराखडा घारापुरीशी फार जुळतो, तेव्हा बेटावरचे काम संपल्यावर माणसे पुन्हा घाट चढून गेली असावीत. नागपूरकरांना हे समजणे अवघड नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यातली विद्या गेली कोठे? जी गेली ती माणसांच्या हातांत बसून गेली. कोणी भिवंडीला, कोणी सुरतेला, कोणी भाजीच्या गाडीवर.

मालक नोंद ठेवतो आणि ती टिकते असेही एक उदाहरण जगात आहे, म्हणून घारापुरीचे मौन अधिक बोचते. ईजिप्तमध्ये राजांच्या थडग्यांत चित्रे व शिल्पे करणाऱ्या कारागिरांची वसाहत वाळवंटात होती. आज त्या जागेला देर अल-मदिना म्हणतात. तेथील हजेरी खापऱ्यांवर लिहिलेली सापडली आहे: अमुक गैरहजर, विंचू चावला, अमुक गैरहजर, डोळे आले. इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, धान्य वेळेवर आले नाही म्हणून हे लोक काम टाकून एका देवळामागे जाऊन बसले. जगातला लेखी पुरावा असलेला हा बहुधा पहिलाच संप. त्या कारागिरांची नावे, त्यांच्या बायकांची नावे, त्यांची भांडणेसुद्धा आज वाचता येतात. आमच्या सदाशिवाचा मिटलेला डोळा ज्याने घडविला त्याला विंचू चावला होता की नाही, आम्हांला कळणार नाही. एकतीस तांब्याची नाणी, एवढाच त्याचा हजेरीपट.

त्यांच्या कामाची पुढे काय अवस्था झाली, ती कथा थोडक्यात सांगतो. पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींची नासधूस केली. पुष्कळ शिल्पांचे पाय खालून गेलेले आहेत. धक्क्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. बेटावरची कला बाहेर प्रदर्शनाला नेण्याचा एकच मोठा प्रयत्न झाला तो या हत्तीचा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला पाठविण्यासाठी उचलू लागले, तेव्हा यारी तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. आजही डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला तो उभा आहे. गोगँची चित्रे जहाजात सुखरूप चढली. आमचा हत्ती धक्क्यावरच फुटला. डोंगरातून न सुटणारी शिल्पे तेवढी जागेवर राहिली आणि प्रेक्षकालाच होडीत बसून त्यांच्याकडे जावे लागते.

तो प्रेक्षक धक्क्यावर उतरला की पुढे शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही बाजूंना दगडाच्या आणि मण्यांच्या वस्तूंची दुकाने असतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली असते. लाकडी खुर्चीला दोन बांबू, आणि चार माणसांचे खांदे. वर पोचेपर्यंत ही माणसे दोनदा थांबून खांदा बदलतात. लेणी पाहायला सोमवारी बंदी असते. देव शंकराचा आणि सुट्टी सोमवारची, हा सरकारी योगायोग, पण रोजावर काम करणाऱ्या डोलीवाल्याचा तो दिवस कसा भरतो याची चौकशी आम्ही केली, तेव्हा एकाने हसून उत्तर दिले, "साहेब, सोमवारी आम्ही समुद्र बघतो."